घाटाखालची बोट, घाटावरचा लेथ

आमची बोट विजयदुर्गच्या खाडीत असते आणि तिचे निम्मे सुटे भाग कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपच्या मागच्या रॅकवर. पावसाळ्यात तर रॅकवर जागाच उरत नाही. घड्या घातलेली शिडं, उघडलेला पाण्याचा पंप, लेबलं लावून टांगलेली तारांची भेंडोळी. नवीन गिऱ्हाईक आलं की हमखास विचारतं, "हे कुठल्या पंपाचं हो ताई?"

बोट ब्रिटिश बनावटीची आहे, १९७४ सालची. २६ फूट लांब, फायबरग्लासची, एक डोलकाठी, दोन शिडं. आत चार जणांना झोपता येईल एवढी केबिन, दोन शेगड्यांचं स्वयंपाकघर आणि डिझेल इंजिन. शर्यतीची बोट नाही ही, मुक्काम करत किनाऱ्यानं फिरायची आहे. आधीच्या मालकांनी ती बरीच वर्षं गोव्यात ठेवली होती. त्यांचं वय झालं, हातानं होईना, म्हणून विकायला काढली. आयात शुल्काचे कागद त्यांनी जपून ठेवले होते. जुनी परदेशी बोट घेणाऱ्यानं बोटीच्या आधी हे कागद बघावेत. नंतर ते उभे करणं फार जड जातं.

वर्कशॉप आण्णांनी सुरू केलं, आता मी चालवते. शेतीपंप, उपसा योजनांचे मोठे पंप, साखर कारखान्यांची किरकोळ कामं. शाफ्ट, बुश, ग्लँड, गंज यांच्याशी रोजचाच संबंध. म्हणून बोट बघायला गेले तेव्हा ती किती जुनी आहे याची मला फारशी चिंता नव्हती. मी एवढंच बघत होते की, तिच्यातली कुठली वस्तू आपल्याला उघडता येईल आणि मोडली तर कोल्हापुरात पुन्हा बनवता येईल. जवळजवळ सगळीच. तिच्यात कुठंही सीलबंद डबा नव्हता. सगळं नटबोल्टचं, पाना लावला की सुटणारं. पन्नास वर्षांपूर्वीची बोट उद्यमनगरातल्या माणसाला नव्या कोऱ्या बोटीपेक्षा सोयीची पडते, हे माझं ठाम मत आहे आणि ते मी इथं कामांसकट मांडते.

कोल्हापूरचं आणि समुद्राचं नातं तसं अवघडच. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी उगम पावतात सह्याद्रीत, समुद्र तिथून हाकेवर, पण पाणी सगळं पूर्वेला वळतं. पंचगंगा होऊन नरसोबावाडीला कृष्णेला मिळतं आणि पार बंगालच्या उपसागरात जातं. आम्हाला मात्र उलटं, गगनबावड्याकडून घाट उतरून वैभववाडी, तळेरे करत विजयदुर्ग गाठावं लागतं. करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद होता तेव्हा भुईबावड्यानं उतरायचो. डिकीत एकदा इंजिनाचं हेड होतं, एकदा सुकाणूचं पातं. वळणावर ते इकडून तिकडं सरकायचं आणि मागं बसलेली लेक पायानं दाबून धरायची.

विजयदुर्गच का, तर बोटीच्या कीलमुळं, म्हणजे बुडाखालच्या जड पात्यामुळं. साधारण शिडाच्या बोटीला मधोमध एक खोल कील असते, ओहोटीला ती कोरडी पडली की बोट कलंडते. आमच्या बोटीला दोन आखूड कील आहेत, डाव्या-उजव्या अंगाला एकेक. बोटीला जेमतेम तीन फूट पाणी पुरतं आणि पाणी ओसरलं की ती दोन पायांवर सरळ उभी राहते. इथं ना मरिना आहे ना यॉट उचलायची क्रेन. पण उधाणाची भरती-ओहोटी दोन मीटरच्या वर असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरतीला बोट वाळूवर घ्यायची, पाणी उतरेल तशी ती टेकते, मग पुढची भरती चढेपर्यंत तळ मोकळा. खरवडा, घासा, शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून अँटिफाउलिंगचा रंग मारा. ह्याच वाघोटण खाडीत आत गिर्ये गावाजवळ आंग्र्यांच्या काळातली, खडकात कोरलेली गोदी आहे. भरतीला गलबत आत घ्यायचं आणि पाणी उतरलं की बुडाचं काम करायचं, अशी ती सोय. १७५६ साली इंग्रजांनी किल्ला घेतला तेव्हा आंग्र्यांचं आरमार ह्याच बंदरात जळालं. त्या गोदीच्या भिंतीवर बसून मी बराच वेळ घालवलाय. एवढी जहाजं ह्या खाडीत बांधली, राखली, ती भरती-ओहोटीच्या हिशोबावरच, आणि तो हिशोब अजून तसाच चालतो.

कीलपासूनच सुरू करते. आमच्या दोन्ही कील बिडाच्या आहेत आणि बोल्टांनी बोटीच्या तळाला आवळलेल्या. बिडाचं काम कोल्हापूरला सांगायला नको. गंज आला म्हणून घाबरायचं कारण नसतं, बीड वरवर गंजतं आणि थांबतं. गंज ठोकून काढायचा, ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून धातू चकचकीत करायचा आणि तासाभरात इपॉक्सी प्रायमर मारायचा. खाऱ्या हवेत दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलं की वर तांबूस पूड धरते आणि रंग पुढच्याच वर्षी पापुद्रे होऊन निघतो. काळजी असते ती जोडाची. दोन कीलची बोट वाळूवर टेकते-उठते तेव्हा कील आतबाहेर किंचित हलायला बघतात आणि सगळा ताण बोल्टांभोवतीच्या फायबरग्लासवर येतो. जोडावर केसासारखी फट आणि त्यातून गंजाचं पाणी झिरपलेलं दिसलं की समजायचं. आम्ही दोन्ही बाजूंचा एकेक बोल्ट काढून बघितला. बोल्ट ठीक होते, पण आतून आडवे पट्टे भरून तळ मजबूत करून घेतला. इपॉक्सी, फायबरग्लासचं कापड, थरावर थर, एप्रिलच्या कोरड्या दुपारी. हे काम दिसत नाही, कुणाला दाखवताही येत नाही, आणि बोटीवर आजवर केलेल्या खर्चातला सगळ्यात चांगला खर्च तोच.

तळाचीच दुसरी गोष्ट म्हणजे सीकॉक. बोटीच्या तळाला पाण्याखाली मुद्दाम पाडलेली भोकं असतात. इंजिन थंड करायला पाणी आत घ्यायचं, सिंकचं पाणी बाहेर सोडायचं, टॉयलेटचं. प्रत्येकावर एक व्हॉल्व्ह. तो तुटला तर तीन सेंटिमीटरचं भोक बोट बुडवायला पुरतं. आमच्या बोटीतले मधल्या काळात कुणीतरी बदललेले होते, पिवळेधमक दिसत होते. मी एक काढून आणला आणि कानसेनं कड घासली. आत रंग गुलाबी. वर्कशॉपातल्या मेस्त्रींना दाखवला. त्यांनी व्हाइसमध्ये धरून हलकी हातोडी मारली आणि कड बिस्किटासारखी तुटून हातात आली.

"ताई, हे पितळ न्हाई राहिलं आता. जस्त खाल्लंय सगळं पाण्यानं."

अगदी बरोबर. साध्या पितळेत ४० टक्क्यांच्या आसपास जस्त असतं आणि खारं पाणी ते हळूहळू काढून नेतं. मागं उरतं ते तांब्याचं पोकळ जाळं, आकार तोच आणि ताकद शून्य. गोड्या पाण्याच्या पंपात हे इतक्या लवकर दिसत नाही, म्हणून आपल्याकडं पितळेवर लोकांचा विश्वास फार. बोटीला गनमेटल लागतं. आमच्याकडं बुशांसाठी ८५-५-५-५ नेहमीचंच, म्हणजे ८५ टक्के तांबं आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५. पॅटर्न बनवला, शिरोलीच्या एका छोट्या फाउंड्रीत ओतून घेतले, बोअर आणि शंकूचा टेपर आमच्याच लेथवर. आता प्रत्येक सीकॉकजवळ सावरीच्या लाकडाची एक निमुळती गुल्ली सुतळीनं बांधून ठेवली आहे. व्हॉल्व्ह गेलाच तर भोकात ठोकायची, लाकूड फुगतं आणि बसतं. बोट घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते, हौसेची कुठलीही वस्तू घेण्याआधी ह्या गुल्ल्या.

आता चेनप्लेट. ह्याच्यावर मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण इथं कोल्हापूर खऱ्या अर्थानं कामाला आलं.

डोलकाठी तारांवर उभी असते. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी स्टेनलेसच्या तारा तिला ताणून धरतात आणि ह्या तारा खाली ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात त्या चेनप्लेट. पट्टी डेकमधून आरपार खाली जाते आणि आत केबिनमध्ये बोल्टांनी पक्की केलेली असते. जोराच्या वाऱ्यात एकेका पट्टीवर टनाच्या हिशोबात ओढ येते. डेकच्या वरचा भाग दिसतो, चकाकतो. खालचा केबिनमध्ये दिसतो, तोही बरा असतो. पण मधला, डेकच्या जाडीतला बोटभर भाग सीलंटमध्ये गाडलेला असतो आणि स्टेनलेस तिथंच मरतं. स्टेनलेसचं स्टेनलेसपण हवेतल्या ऑक्सिजनवर टिकतं. पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो, ओरखडा आला तरी हवा लागली की पुन्हा भरून येतो. सीलंटच्या आत खारं पाणी शिरून साचलं आणि हवा पोचलीच नाही की तो थर पुन्हा धरत नाही. मग धातू आतल्या आत, बारीक चिरा पडत खाल्ला जातो.

सगळ्या पट्ट्या काढून वर आणल्या. रॉकेलमध्ये धुतल्या, जुनं सीलंट पात्यानं खरवडलं. मेस्त्री एक पट्टी उजेडात धरून म्हणाले, "वरनं तर झकास दिसतंय की."

"डाय मारूया," मी म्हणाले.

डाय पेनिट्रेशन टेस्ट म्हणजे काय हे कोल्हापुरात फाउंड्रीतल्या पोराला विचारा, तो सांगेल. तीन डबे असतात. पहिल्यानं पट्टी साफ केली, वाळू दिली. दुसऱ्यातला लालभडक डाय फवारला आणि पंधरा मिनिटं हात लावला नाही. चीर कितीही बारीक असो, डाय तिच्यात शिरतो. मग फडक्यानं पुसून घेतला. क्लीनर थेट पट्टीवर फवारायचा नाही, फडक्यावर घेऊन पुसायचं, नाहीतर चिरेतला डायही निघून येतो, एवढं सांभाळायचं. पट्टी पुन्हा स्वच्छ, काहीच नाही. मग तिसऱ्या डब्यातला पांढरा डेव्हलपर, भिंतीला चुना द्यावा तसा पातळ हात.

आम्ही दोघं वाकून बघत होतो. पहिल्या दोन पट्ट्या पांढऱ्याच राहिल्या. तिसरीवर, बरोबर डेकच्या पातळीला, पिनेच्या टोकाएवढा गुलाबी ठिपका आला. त्याच्या शेजारी दुसरा. मग ते ठिपके वाढत एकमेकांना मिळाले आणि पट्टीच्या रुंदीच्या निम्म्याच्या पुढं जाणारी आडवी लाल रेघ डोळ्यांदेखत उमटली. मेस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला.

"एवढ्यावर धरून होती व्हय काठी?"

ती पट्टी व्हाइसमध्ये धरून वाकवली. दुसऱ्याच हिसक्याला मोडली. मोडलेल्या तोंडावर निम्म्याच्या वर भाग तपकिरी, जुना, आणि उरलेला पांढराशुभ्र, ताजा. तो तुकडा मी टेबलावर ठेवलाय. डोलकाठीच्या तारा ‘दिसायला बऱ्या आहेत’ असं जो म्हणेल त्याच्या हातात देते.

नव्या पट्ट्या ३१६ एल ग्रेडच्या स्टेनलेसच्या. ३०४ आणि ३१६ डोळ्यांना सारखेच दिसतात आणि चुंबकानंही फरक कळत नाही. फरक मॉलिब्डेनमचा, ३१६ मध्ये ते दोन ते तीन टक्के असतं आणि खाऱ्या पाण्याला तेच तोंड देतं. दुकानदारानं सर्टिफिकेट दिलं होतं, तरी पट्टीचा एक तुकडा स्पेक्ट्रोला, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजायला, पाठवला. फाउंड्रीवाल्या गावात हे काम चहा पिऊन येईपर्यंत होतं. आकडे बरोबर आले. मग कापणी, भोकं, आणि भोकांच्या कडा दोन्ही बाजूंनी गोल, कारण चीर सुरू होते ती कडेच्या खरखरीत कंगोऱ्यावरूनच. शेवटी पॉलिश. आरशासारखा पृष्ठभाग असला की मीठ धरायला जागा उरत नाही. त्यासाठी हुपरीला गेले. चांदीच्या दागिन्यांचं गाव, बफिंग करणारे हात तिथं पिढ्यान्‌पिढ्यांचे. पैंजणांच्या ढिगाशेजारी माझ्या फूटभर लांबीच्या पट्ट्या बघून त्या बफिंगवाल्या दादांनी आधी हे काय आहे ते नीट समजून घेतलं, मग सांगितलं, "ह्या भोकांच्या आतनं पण मारून देतो, समुद्राचं काम हाय म्हणताय तर." मला ते सुचलंही नव्हतं. मारून दिलं त्यांनी, वेगळे पैसे न घेता.

तारा मात्र सगळ्या नव्या घेतल्या, त्यात घासाघीस केली नाही. दहा-पंधरा वर्षांनी तारा बदलायच्याच असतात. टोकांना दाबून बसवलेले टर्मिनल न घेता हातानं बसवायचे घेतले. तारेचा पीळ उसवायचा, मधल्या गाभ्यावर शंकू सरकवायचा, बाहेरच्या तारा त्याच्याभोवती पुन्हा बसवायच्या आणि दोन पान्यांनी आवळायचं. मग उघडून बघायचं, सगळ्या तारा सारख्या बसल्या असतील तर आत सीलंट भरून कायमचं आवळायचं. महाग पडतात, पण जेट्टीवर बसून करता येतात आणि पुढच्या वेळी नुसती तार बदलून टर्मिनल पुन्हा वापरता येतो. मोसमात अधूनमधून सुती फडकं घेऊन तारेवरून फिरवायचं. एखादी तार सुटली असेल तर फडकं अडकतं.

इंजिनाबद्दल थोडक्यात. जुनं, दोन सिलिंडरचं, हँडल मारून सुरू होणारं. डीकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलायचा, हँडल फिरवायचं, वेग आला की लिव्हर सोडायचा. शेतीच्या ऑइल इंजिनावर वाढलेल्या आमच्या मेस्त्रींना त्यात नवं काहीच नव्हतं. फरक एवढाच की हे थेट समुद्राच्या पाण्यानं थंड होतं, म्हणून तापमान साठ अंशांच्या आसपासच ठेवायचं, त्याच्या वर गेलं की आतल्या वाटांत मिठाचा आणि चुन्याचा थर धरायला लागतो. सगळ्यात जास्त खाल्ला जातो तो एक्झॉस्टचा एल्बो, जिथं तापलेल्या धुरात खारं पाणी मिसळतं. आतून काजळी चढते आणि धातू झडतो. आम्ही तो ३१६ एलच्या जाड पाइपमधून, आर्गन वेल्डिंगनं बनवून घेतला. उंची जुन्याएवढीच ठेवली, कारण एल्बो पाण्याच्या पातळीच्या पुरेसा वर नसला तर इंजिन बंद झाल्यावर पाणी मागं फिरून सिलिंडरमध्ये उतरतं.

शाफ्टभोवतीनं पाणी आत येऊ नये म्हणून भरायची ग्लँड डोरी लक्ष्मीपुरीत मीटरवर मिळते, तीच शेतीपंपाची. पण ग्रॅफाइटवाली घ्यायची नाही. ग्रॅफाइट आणि खारं पाणी मिळून शाफ्टलाच खातं. टेफ्लॉनची पांढरी डोरी घ्यायची, आणि शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडू द्यायचे. अगदी कोरडी आवळली की शाफ्टवर खोबण पडते. हे पंपवाल्यांनाही लागू आहे, पण ऐकतं कोण.

शिडांचं कापड टिकतं, शिवण मरते. उन्हानं दोरा आधी जातो. नखानं शिवणीवर ओढलं आणि दोरा तुटला की पूर्ण शीड पुन्हा शिवून घ्यायचं. ताडपत्री शिवणाऱ्याकडं झिगझॅगचं जाड मशीन होतं, पॉलिस्टरचा दोरा मी दिला. कोपऱ्यांना आणि बोट बांधायचे दोर जिथं घासतात तिथं चामडं, तेही कोल्हापुरातच मिळालं, चपलांसाठी बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं म्हशीचं. सुकाणूच्या दांड्यालाही तेच गुंडाळून शिवलंय. हात ओला असला तरी घसरत नाही. केबिनच्या छताचा फोम विरून त्याची तपकिरी पूड खाली पडत होती, ते सगळं काढून टाकलं. तिथं पातळ प्लायच्या पट्ट्या लावल्या, आयएस ७१० चा मरीन प्लाय, साधा नाही.

आता नव्या वस्तूंचं. ह्याच्यावरून घरात बरीच चर्चा झाली. लेक पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकते. तिचं म्हणणं, "आई, सगळं लिथियम करून टाकूया, वजन निम्मं होईल." माझा विरोध लिथियमला नव्हता. इंजिनावरच्या जुन्या अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या जनित्राला, ती बॅटरी थेट जोडली तर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळतो, आणि बॅटरीच्या आतल्या सर्किटनं मध्येच तोडलं तर त्याचे डायोड उडतात. तिनं वाचलं, विचार केला, मध्ये करंटला लगाम घालणारा डीसी-डीसी चार्जर टाकला. दिवे, पंखा, जीपीएस लिथियमवर, इंजिन सुरू करायची बॅटरी जुनीच शिशाची, आणि तीही बसली तर हँडल आहे. सोलर पॅनेल लावले, डोलकाठीवरचा दिवा एलईडी केला. बोलायचा व्हीएचएफ रेडिओ नवा घेतला. आपली जागा रेडिओवरून आसपासच्या जहाजांना कळवणारा एआयएस लावला, कारण रात्री मोठी जहाजं आपल्याला दिसण्यापेक्षा आपण त्यांना दिसणं महत्त्वाचं. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर केबिनच्या दारावर रंगवलाय, पाहुण्यांनाही दिसेल असा.

नांगर बदलला. जुना फाळाच्या घडणीचा होता, उलटा पडला की चिखलात घसटत जायचा. नवा पंधरा किलोचा, वर कमान असलेला, कसाही पडला तरी टोक खाली करून रुततो. साखळी आठ मिलिमीटरची, गॅल्व्हनाइझ्ड, आणि भरतीची खोली धरून तिच्या पाचपट सोडायची. नांगर उचलायचं विजेचं यंत्र, फ्रिज, समुद्राचं पाणी गोडं करायचं मशीन ह्यांना मी नाही म्हटलं. फ्रिजवरून नवरा आजही नाराज आहे. पण फ्रिज आला की बॅटरी वाढते, बॅटरी वाढली की पॅनेल वाढतं, पॅनेलला फ्रेम, फ्रेमला वारा, आणि शेवटी सुट्टीचा दिवस वायरिंग शोधण्यात जातो. बर्फाची पेटी आहे, मासळी बाजारात बर्फ मिळतो.

हे सगळं कशासाठी, तर डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेसाठी. जमिनीवरून मतलई वारा सुटलेला असतो, पाणी सपाट, बोट किनाऱ्याला धरून उत्तरेला सरकते. नऊ-दहाच्या सुमाराला तो पडतो, तासभर शिडं नुसती लोंबतात, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो. देवगडला किंवा मालवणला जाताना तो पाठीशी असतो, जोरात नेतो. परतीला तोच तोंडावर, म्हणून परत निघायचं ते पहाटेच. जेट्टीवरचे तांडेल काका आभाळाकडं बघून सांगतात, "बाय, वारो फिरतलो, आज भायर जाव नको." अंदाज मोबाइलवरही बघते मी, पण काका नाही म्हणाले तर शीड सोडत नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेलं, तेव्हापासून मच्छीमारांच्या १ जूनच्या बंदीची वाट न बघता मेच्या पहिल्या उधाणालाच बोट वर घेतो. डोलकाठी डेकवर बिजागरीवर आहे, ती आडवी घालायची. सगळे सीकॉक उघडून ग्रीस लावायचं, इंजिनात गोडं पाणी फिरवायचं, गाद्या आणि शिडं गाडीत. ताडपत्री घालताना दोन्ही टोकांना हवा खेळायला जागा ठेवायची, नाहीतर नारळी पौर्णिमेनंतर दार उघडल्यावर आत बुरशीशिवाय काही दिसत नाही.

चेनप्लेटचं आणि एल्बोचं ड्रॉइंग मी नीट मापांसकट काढून ठेवलंय. कुणाकडं अशी दोन कीलची जुनी बोट असेल तर मागून घ्या, आनंदानं देते, आणि कोल्हापुरात बनवून घ्यायचं असेल तर वर्कशॉपला या, मेस्त्रींशी बसून बोलता येईल. मात्र भोकांमधली अंतरं माझ्या कागदावरून घेऊ नका. त्या काळी ही भोकं हातानं पाडायचे, प्रत्येक बोटीची थोडी वेगळी असतात. तुमची स्वतःची जुनी पट्टी काढा, व्हर्नियर लावून मापं घ्या. आणि काढलीच आहे तर परत लावायच्या आधी डाय मारून बघा.